जाळीचं दुसरं टोक

आमच्या हॉस्पिटलात त्यांना सगळे अर्थिंगदादा म्हणायचे. हुद्दा होता यंत्र-तंत्रज्ञ, पण तो फक्त पगाराच्या कागदावर. मॉनिटरवर आकडे नाचायला लागले, ईसीजीच्या रेघेला केस फुटले, की हा माणूस शांतपणे यायचा, छोटा टॉर्च दातांत धरायचा, यंत्राच्या मागं डोकं घालायचा आणि तिथूनच विचारायचा, "अर्थिंग बघितलं का?" एकदा कॅन्टीनचा चहा पार बेचव झाला, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "दादा, अर्थिंग बघा हो जरा!" सगळ्यांत जोरात तेच हसले. आमचे एक सर्जन म्हणायचे, आयुष्याचा अर्थ शोधणारे पुष्कळ भेटले, पण तो सापडल्यावर स्क्रूनं आवळून बसवणारा हा एकच.

मी आयसीयूची सिस्टर. आमचा नवा विभाग बांधला तेव्हा मेंदूच्या तपासणीच्या, म्हणजे ईईजीच्या, तारा दादांनीच ओढल्या. पेशंटच्या डोक्याला चिकटवलेल्या बारीक तारा पलंगाशेजारच्या डबीत यायच्या, तिथून एक जाड केबल छतावरून कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत जायची. रेघा दोन्हीकडं दिसायच्या, पलंगापाशीही आणि काचेच्या खोलीतही. सुरुवातीला त्या रेघा वाचण्यासारख्या नव्हत्याच, नुसती थरथर. दादा कितीतरी दिवस छतात डोकं घालून उभे असायचे.

मी एकदा विचारलं, "एवढं काय अवघड आहे हो त्यात?"

ते शिडीवरून खाली आले, हात पुसले. "सिस्टर, मेंदूची वीज म्हणजे मुंगीचा आवाज. आणि भिंतीतली वीज म्हणजे गिरणी. म्हणून केबलला आत तांब्याच्या जाळीचा अंगरखा असतो. बाहेरची भटकी वीज जाळीत अडकते आणि अर्थिंगमधून जमिनीत जाते."

"मग जाळी जोडा की अर्थिंगला."

"जोडली. दोन्ही टोकांना जोडली, तीच चूक झाली. पलंगापाशीचं अर्थिंग वेगळं, काचेच्या खोलीतलं वेगळं. दोघांत इतकुसा फरक असला तरी जाळीतूनच प्रवाह वाहायला लागतो. राखणीला ठेवलेला कुत्राच रात्रभर भुंकतो म्हणा ना."

"मग एकच टोक जोडा."

"तेही केलं. गुरगुर थांबली. पण मग मोबाइल, ऑपरेशन थिएटरचं मशीन, असली वेगवान खरखर मोकळ्या टोकातून आत शिरते. जाळीची एरियल होते." ते हसले. "आता मधला मार्ग काढतोय. इथलं टोक थेट जोडायचं आणि तिकडचं एका छोट्या कपॅसिटरमधून. तो संथ गुरगुर अडवतो आणि वेगवान खरखर जाऊ देतो. थोडं इकडं, थोडं तिकडं. संसारासारखं."

रेघा स्वच्छ झाल्या. ईईजीच्या मशीनमध्ये गुरगुर लपवायची एक सोय होती, बटण दाबलं की रेघ गुळगुळीत. दादांना ते बटण आवडायचं नाही. म्हणायचे, कचरा गालिच्याखाली सारला तर कधीतरी गालिच्याखाली पेशंटपण जाईल.

त्यांची बायको घरी शाळांचे गणवेश शिवायची. बाई मोठ्या आवाजाची, हसली की दोन खोल्या पलीकडं कळायचं. दादा डबा विसरले की घेऊन यायची आणि आम्हालाच दटावायची, "या माणसाला बाराच्या ठोक्याला जेवायला बसवत जा ग. यंत्राला भूक लागली तर लगेच कळतं याला, स्वतःची कळत नाही." लग्न नवं असताना तिनं शिलाई मशीन सुरू केलं की घरातला रेडिओ भुंकायला लागायचा. दादा रेडिओचे वेडे. ती म्हणाली, "एक तर रेडिओ ठेवा नाही तर मला." त्यांनी मशीनच्या मोटरला आणि वायरीला असं काही आवरण घातलं की दोन्ही एकदम सुरू राहिलं. हा किस्सा ती दर वेळी सांगायची आणि शेवटी दर वेळी म्हणायची, "म्हणजे दोघांनाही ठेवलं हो!"

त्यांना एकच मुलगी. दुसऱ्या गावी नोकरी करायची. आईसारखीच मोठ्यानं बोलणारी, आणि बापासारखी हट्टी.

एके सकाळी बाई मशीनवर बसल्या होत्या. शाळा उघडायच्या आधीचे दिवस, कामाचा ढीग पडलेला. दादा बूट घालत होते. आतून त्या म्हणाल्या, "डोकं फार दुखतंय हो." एवढंच. दादा आत गेले तोवर त्या मशीनवर कलंडल्या होत्या, पाय मशीनच्या पॅडलवर तसाच, आणि मोटर फिरत होती. कापड सुईखालून सरकत सरकत जमिनीवर साचलं होतं.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. अॅम्ब्युलन्स आमच्याच दारात आली. माझी ड्यूटी होती. स्ट्रेचरसोबत दादा धावत येताना दिसले. एक बूट घातलेला, दुसरा हातात. तो बूट त्यांनी संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही, आणि कुणाला घ्यायचं सुचलंही नाही.

शस्त्रक्रिया करण्यासारखं काही उरलं नव्हतं. व्हेंटिलेटर लावला. मेंदूच्या डॉक्टर मॅडम आमच्याकडं वरिष्ठ, बोलण्यात मऊ आणि कामात काटेकोर. त्यांनी पहिल्याच दिवशी दादांना बाजूला बसवून सगळं खरं सांगितलं. दादा ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिला कुठला पलंग दिलाय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरा आहे. खिडकी आहे."

मुलगी प्रवास करून आली ती थेट पलंगापाशी. पुढचे दिवस ती तिथून हललीच नाही. आईच्या बोटांवर सुईनं टोचलेल्या बारीक खुणा होत्या, त्यांवरून अंगठा फिरवत बसायची. दादा मात्र बाहेर बाकावर. आत यायचे, पायापाशी उभे राहायचे, पांघरूण सारखं करायचे, परत बाहेर. मी म्हटलं, "दादा, आत बसा ना." ते म्हणाले, "आत सगळी यंत्रं माझी आहेत, सिस्टर. मला यंत्रंच दिसतात. ती दिसत नाही."

प्रकृती उतरतच गेली. डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाकला तरी हालचाल नाही, खोकल्याची ढास नाही. व्हेंटिलेटर काढून श्वास येतो का ते बघायची एक तपासणी असते, पण फुप्फुसं इतकी खराब झाली होती की ती मध्येच थांबवावी लागली. मग नियमाप्रमाणं ईईजी उरला. मेंदूत वीज आहे की नाही हे त्यातून कळणार होतं.

दुपारची वेळ होती. खिडकीतून पलंगावर ऊन आलं होतं. तंत्रज्ञ मुलीनं बाईंच्या डोक्यावर तारा चिकटवल्या. मॅडमनी अगदी बारीकसारीकही दिसेल इतकी यंत्राची संवेदनशीलता वाढवली. आणि पडद्यावर रेघा थरथरायला लागल्या.

मुलगी ताडकन उठली. "बाबा! बाबा, आत या! हलतंय बघा! सिस्टर, बघा ना, सगळ्या रेघा हलतायत!"

मी मॅडमकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्या खाली वाकून पडदा निरखत होत्या. "बाळा, जरा थांब," त्या म्हणाल्या. "हे मेंदूचं असेलच असं नाही."

"मग कुणाचं असणार? तारा तर आईच्याच डोक्याला आहेत!"

मॅडमनी तंत्रज्ञ मुलीला तारा तपासायला लावल्या. ठीक होत्या. गादीत हवा भरणारा पंप बंद करून बघितला. थरथर तशीच. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "बाहेरचा विजेचा गोंधळ आहे हा, उघड आहे. बटण दाबून लपवता येईल, पण या तपासणीत मी तसल्या रेघेवर सही करणार नाही. केबल दुरुस्त व्हायला हवी. दादांशिवाय दुसरं कोण आहे?"

दुसरा तंत्रज्ञ रजेवर होता. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता.

"मग उद्या करू," मॅडम म्हणाल्या. "त्यांना यातलं काही सांगू नका."

पण दादा दारात उभे होते. मुलीचा आवाज कॉरिडॉरभर गेला होता. ते पडद्याकडं बघत नव्हते. त्यांनी मॅडमना विचारलं, "रेघ कशी आहे? जाडी कमी-जास्त होते, की एकसारखी?"

मॅडमनी पडदा परत एकदा निरखला. मग म्हणाल्या, "एकसारखी."

दादांनी मान हलवली. मग मुलीला म्हणाले, "चल, बाहेर ये जरा."

दोघं बाकावर बसले. मी दार लावायला गेले आणि तिथंच थबकले.

"ती तुझी आई नाही ग," दादा म्हणाले. "ती भिंतीतली वीज आहे. जिवंत माणसाची रेघ इतकी नेटकी नसते."

"तुम्हाला काय माहीत? न बघता?"

"माहीत आहे. मागच्या महिन्यात छताची डागडुजी झाली. कुणीतरी माझा कपॅसिटर काढून जाळी थेट जोडली असणार. कपॅसिटरमुळं जोड तुटल्यासारखा दिसतो, म्हणून चांगल्या मनानं जोडलं असेल."

"मग उद्या कंपनीचा माणूस येईल आणि बघेल. राहू द्या ना उद्यापर्यंत." तिचा आवाज एकदम लहान झाला. "बाबा, एक दिवस. मी काही मागत नाही. एक दिवस हलू दे ना."

दादा खाली वाकले. बुटाची नाडी सोडली, परत बांधली. मग म्हणाले, "आल्यापासून तू तिचा हात धरून बसली होतीस. आत्ता मी दारातून बघितलं, तू हात सोडला होतास. पडद्याकडं बघत होतीस. मला नाही चालणार ते. उद्यापर्यंत तू त्या गिरणीकडं बघत बसशील, आणि ती तिथं एकटी पडून राहील."

"म्हणजे तुम्ही करणार? स्वतः?"

"दुसरं कोण करणार?"

"मी नाही बोलणार तुमच्याशी," ती म्हणाली. शब्द लहान मुलींचेच, पण आवाज लहान मुलीचा नव्हता.

ते उठले. मॅडम म्हणाल्या, "दादा, खरंच नको. मी थांबायला तयार आहे." ते म्हणाले, "तुम्ही पलंगापाशी थांबा, मॅडम. पोरीजवळ."

काचेच्या खोलीत कपाटामागं जोडणीची पेटी आहे. दादांनी कपाट सरकवलं आणि मागं बसले. तिथून पडदा दिसत नाही. मी खोलीच्या दारात उभी राहिले, म्हणजे मला दोन्ही दिसत होतं, कपाटामागून आलेले त्यांचे पाय आणि पलंगापाशीचा पडदा. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ते म्हणाले, "आहे. थेट जोडलंय." राग नव्हता आवाजात. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यांनी अख्खं बांधकाम खातं डोक्यावर घेतलं असतं.

स्क्रू सैल झाल्याची बारीक करकर. आणि पडद्यावरची थरथर बसली. जोरात वाहणारा नळ बंद करावा तशी.

कपाटामागून आवाज आला, "गेलं का?"

इतकी वर्षं ते मला हेच विचारत आले होते. कधी स्टुलावरून, कधी पलंगाखालून. आणि मी खुशीत ओरडायचे, गेलं गेलं! त्या दिवशी मी नुसती पडद्याकडं बघत राहिले.

"सिस्टर? गेलं का?"

"मोठं गेलं," मी म्हटलं. "पण खरखर आली आहे बारीक. काट्यांसारखी."

"हं. येणारच." स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज. "कपॅसिटर फेकून दिलाय त्यांनी. खालून आणतो."

त्यांचं वर्कशॉप तळमजल्यावर. यायला फार वेळ लागला. नंतर तिथल्या शिपायानं सांगितलं, दादा आले, खण उघडला, कपॅसिटर हातात घेतला आणि टेबलापाशी उभेच राहिले. त्यानं विचारलं, काही हवंय का, तर म्हणाले, "नाही रे. मिळालं." तरी उभेच.

इकडं मुलगी काट्यांकडं बघत होती. परत तिच्या डोळ्यांत ती आशा आली होती. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तो तिनं झटकला. पण आईचा हात मात्र परत हातात घेतला होता.

दादा आले, कपाटामागं गेले. स्क्रूड्रायव्हर एकदा हातातून पडला. त्यांनी तो उचलला, परत बसवला, आवळला. पडद्यावरचे काटे एकेक करून विरले.

"गेलं का?"

"गेलं, दादा."

ते बाहेर आले, कपाट जागेवर सरकवलं, हात धुतले. मग पहिल्यांदाच पडद्याकडं बघितलं. रेघा सरळ होत्या. फक्त ठरावीक अंतरानं प्रत्येक रेघेवर एक इवलासा उंचवटा येत होता.

मुलीनं मॅडमना विचारलं, "आणि हे? हे काय आहे?"

"ते हृदय आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याचे ठोके इथपर्यंत दिसतात. ते खरं आहे. पण ते मेंदूचं नाही."

अर्धा तास रेघ बघत राहावं लागतं. मध्येमध्ये पेशंटला चिमटा घ्यायचा, टाळी वाजवायची, मोठ्यानं हाक मारायची, काही उमटतं का बघायचं. मॅडमनी सगळं केलं. शेवटी दादांना म्हणाल्या, "तुम्ही रोज मारता तशी हाक मारा एकदा."

दादा पुढं झाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. ते वाकले, तिच्या कानापाशी तोंड नेलं आणि घरात आतल्या खोलीतून ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाले, "अगं, ऐकलंस का?"

रेघेत काहीही फरक पडला नाही.

ते परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले. मग मॅडमनी त्यांचा दंड धरला.

संध्याकाळी मेंदू थांबल्याच्या कागदांवर सह्या झाल्या. व्हेंटिलेटर काढला तेव्हा मुलगी एका बाजूला होती, दादा दुसऱ्या. दोघांनी एकेक हात धरला होता. एकमेकांकडं बघितलं नाही.

अंत्यविधी झाल्यावर मुलगी निघून गेली. फोन करायची, पण शेजारच्या बाईंना. बाबा जेवतात का, औषधं घेतात का, एवढं विचारायची. दादा कामावर परत आले. आयसीयूचं काम आलं तरी नाही म्हणाले नाहीत. फक्त ईईजी सुरू असला की कपाटामागून हाक यायची बंद झाली. काम झालं की स्वतः उठून पडद्यापाशी येत आणि बघत. मीही कधी आपणहून काही ओरडले नाही. कॅन्टीनमध्ये गलका सुरू असला तरी ते भिंतीकडं तोंड करून जेवायचे. त्यांची थट्टा करायची कुणाची छाती झाली नाही, आणि थट्टा बंद झाल्यामुळं ते आणखीच एकटे पडले असं मला वाटतं.

वर्ष उलटून गेल्यावर ते पायऱ्यांवर घसरले, पाय मोडला. मुलगी आली. मी एका रविवारी बघायला गेले. पुढची खोली रिकामी होती, शिलाईचं टेबल भिंतीला लावून ठेवलेलं. दादा स्वयंपाकघरात खुर्चीवर, पाय स्टुलावर. मुलगी अंडी उकडत होती. तिघांत मीच बडबड करत होते. हॉस्पिटलच्या बातम्या संपल्या आणि गप्प बसायची वेळ आली.

तेव्हा मुलगी भांड्याकडंच बघत म्हणाली, "बाबा, मला सगळं कळतं. मॅडमनी समजावलं होतं, नंतर मी वाचलंही. तुम्ही काही चुकीचं केलं नाही."

दादांनी स्टुलावरचा पाय जरा सरकवला.

"पण मला तो एक दिवस हवा होता."

"माहीत आहे मला."

"मग?"

दादांनी प्लास्टरवरून हात फिरवला. "मलाही हवा होता ग," ते म्हणाले.

ती वळली. ते रडत नव्हते. तीही नाही. पाणी उतू जाऊन गॅसवर सांडलं, तेव्हा तिनं गॅस बारीक केला आणि तिथंच, ओट्याला टेकून, बापाकडं बघत उभी राहिली. मी पर्स घेतली आणि निघाले. दारापर्यंत कुणीच सोडायला आलं नाही, आणि ते बरंच झालं.

मुलगी पाय बरा होईपर्यंत राहिली. मग गेली. आता फोन थेट दादांना येतो. त्या दुपारबद्दल दोघं परत बोलले का, मला ठाऊक नाही. फोनवर बहुतेक वेळा शांतताच असते, असं शेजारच्या बाई सांगतात. पण फोन लवकर ठेवत नाहीत.